जुमलिशा

शहाबादी फरशीवर ओळीनं सरकणारे चिंचोके, त्यांचा बारीक खडखडाट आणि अमीनाताईच्या अंगाला येणारा लवंगेचा वास... राग आला की मला अजून ते सगळं आठवतं. आणि राग मला वरचेवर येतो.

भूकंपात आई आणि धाकटा भाऊ गेले. बाबांनी मला लातूरकडच्या आमच्या गावातून नांदेडला मामाकडे आणून ठेवलं. तेव्हा गल्लोगल्ली शिकवणीच्या ओल्या रंगाच्या पाट्या लागत होत्या. त्यांतल्याच एका क्लासात माझं नाव घातलं. एकदा वजाबाकी चुकली तेव्हा गणिताचे सर भर वर्गात म्हणाले, "भूकंपातली ना तू? घरातली माणसं वजा झाली, तरी तुला वजाबाकी येत न्हाई?" पोरं हसली. त्या माणसाचं वाटोळं होवो, असं मी त्या दिवसापासून देवाजवळ मागत आले. वजाबाकीचं चिन्ह दिसलं की माझा हात थिजून जाई.

मामाच्या माडीवर राहणारी अमीनाताई टांझानियाची; विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकणारी. मला रडताना पाहून तिनं चिंचोके मांडले. "निकालो मत," ती तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "छोटे से बडे तक जाओ. जुमलिशा!" तिच्या स्वाहिलीत जुमलिशा म्हणजे मिळवणं, सगळ्यांना एकत्र मोजणं, दोन अधिक तीन म्हणायचं तर 'म्बिली जुमलिशा ताटू'. उर्दू शाळेत शिकलेला मामा हरखला, "हाव की! आपल्याकडं बी जुमला म्हंजे एकूणच!" बारातून सात काढायचे, तर सातापुढे बारापर्यंत चिंचोके ठेवत जायचं, जेवढे ठेवले, तेवढं उत्तर. कुणाला काढून टाकायचंच नाही... माझा हात पुन्हा चालू लागला.

दहावीला गणितात पैकीच्या पैकी मिळाले. सर पेढे घेऊन घरी हजर — चौकातल्या बोर्डावर लावायला माझा फोटो हवा होता. मी पेढ्याला हात लावला नाही. "सर, तुमच्या बोर्डातून मला वजा करा," मी म्हणाले, "भूकंपातली हाय मी. सवय हाय मला." सरांचं तोंड पडलं. मामीनं डोळे वटारले. मला मात्र उकाड्यात माठातलं पाणी प्यायल्यासारखं वाटलं. अजूनही वाटतं. माफ वगैरे मी काही केलेलं नाही.

अमीनाताई शिक्षण संपवून तिच्या देशी निघून गेली. पुढे तिचा ठावठिकाणा लागला नाही. चिंचोके एका डब्यात आहेत. घरी कोण कोण असतं, असं कुणी विचारलं की मी आजही सांगते — बाबा, आई, धाकटा आणि मी.