तलासरीहून आलेली फाईल

ललित मसोलीत राहायचा आणि डहाणू रोडच्या एका संस्थेत कॉम्प्युटर सांभाळायचा. संस्था पाड्यांवरची लग्नातली गाणी गोळा करायची. संस्थेच्या तलासरीच्या खोलीत तिथलं काम बघणाऱ्या लाहूने टेपवरचं गाणं कॉम्प्युटरमध्ये उतरवायचं, फोनच्या तारेवरून डहाणूला पाठवायचं, मग फाईल काढून टाकून त्याच कॅसेटवर पुढचं गाणं घ्यायचं. ही पद्धत ललितनेच लावून दिली होती.

फाईल पाठवणारा प्रोग्राम लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीच्या सीडीवर तयार मिळाला होता. फाईल दाबून लहान केली की लवकर पोचायची. पण मोठ्या फाईलीत ही दाबायची सोय मध्येच गडबडायची, आणि प्रोग्राम मात्र काम पूर्ण झाल्याचं सांगून मोकळा. हे ध्यानात आलं तोवर लग्नातली गाणी गाणाऱ्या म्हाताऱ्या रूपीची कॅसेट पुसली गेली होती, आणि रूपीही गेली होती. तिच्या गाण्याची सुरुवात शाबूत होती. पुढे नुसती खरखर.

ललितने लाहूला कॅसेटी पुसू नकोस म्हणून सांगितलं आणि सीडी काढणाऱ्यांना कळवलं. अशा तक्रारी आणखीही आहेत, कारण सापडलेलं नाही, असं उत्तर आलं. तो नव्या सीडीची वाट बघू लागला. त्याचं जेवणातलं लक्ष उडालं.

"एका फाईलीपायी किती झुरशील?" त्याची आई वसुमतीबाई ताट झाकत म्हणायच्या.

"दोष सापडला तर त्या खरखरीतून गाणं उकलेल, आई. जमनाताईला मी शब्द दिलाय."

जमना ही रूपीची मुलगी. बाजाराला आली की ऑफिसात डोकावायची. "निघाली का माझी आय बाहेर? तुझा डबा नुसता गिळतोय, ओकत नाय."

नव्याण्णवच्या दिवाळीनंतर नवी सीडी आली, ती दोन्हीकडच्या कॉम्प्युटरांवर चढवली. जमना समोर बसलेली असतानाच लाहूने तलासरीहून एक मोठं गाणं पाठवलं. काम पूर्ण, असं पडद्यावर आलं. लावून पाहिलं, तर तीच खरखर.

ललितने खरखर बंद केली. मग म्हणाला, "ताई, खोटा धीर देत होतो. तुमच्या आईचं गाणं इथवर पोचलंच नाही."

"सुरुवातीचं लाव," जमना म्हणाली.

गाण्याआधी रूपी खाकरली. "जमने, पाणी दे गं."

"एवढंच दे मला उतरवून," जमना म्हणाली.

त्याने कोरी कॅसेट घातली. ती घेऊन जमना गेली, तेवढ्यात लाहूचा फोन आला.

"नीट आलं ना भाऊ? मग कॅसेटी पुसायला घेऊ? इथं ठेवायला जागा नाय."

"नको."

"कुठवर?"