नळाचं वेळापत्रक आणि फोनमधलं जुनं पान

"मॅडम, तुमच्या वेबसाइटवर आज पाणी लिहिलंय म्हणून मी रजा टाकली. पाणी तर कालच येऊन गेलं! काल घराला कुलूप व्हतं. आता पुढच्या पाळीपर्यंत लेकरांना काय पाजू?"

उस्मानपुऱ्याच्या सुनंदाबाई आमच्या काउंटरसमोर फोन नाचवत होत्या. दुष्काळाचं वर्ष. शहर चहूबाजूंनी वाढलेलं, धरण तळाला गेलेलं. नळाला कैक दिवसांनी एकदा पाणी. कोणत्या वस्तीला कधी, हे महापालिकेच्या वेबसाइटवर टाकायचं कंत्राट आमच्या कंपनीकडे होतं आणि सर्व्हर मी सांभाळायचे. मी माझ्या स्क्रीनवर पान उघडलं. पाळी एक दिवस अलीकडे आल्याची दुरुस्ती त्यात होती. बाईंच्या फोनवर मात्र जुनंच वेळापत्रक.

कारण मला लगेच कळलं. कॅशिंग! एकदा आलेली फाइल फोन स्वतःकडे ठेवून देतो आणि पुन्हा सर्व्हरला विचारत नाही. किती दिवस विचारायचं नाही, ते सर्व्हरच सांगतो. लोगोला, फोटोंना महिना चालतो. वेळापत्रकाला कसा चालेल? हे मी आमच्या मॅनेजरना, देशपांडे सरांना, आधीच सांगितलं होतं. पण उद्घाटनाला पाहुण्यांसमोर वेबसाइट झटकन उघडायला हवी होती. "सगळ्याला सरसकट महिना लाव," असं त्यांचं फर्मान. फीत कापून झाली, तरी म्हणे, "स्पीड चांगलाय ना? मग हात लावू नको."

मी बाईंना घेऊन थेट त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"फोन बंद करून चालू करा," सर म्हणाले.

"केला की साहेब, लई डाव केला. फोन चालू व्हतो, नळ नाय व्हत."

माझं डोकं फिरलं. परवानगी न विचारता मी सर्व्हरवर एक ओळ बदलली. वेळापत्रक दरवेळी सर्व्हरला विचारूनच दाखवायचं. पण ज्या फोनना 'महिनाभर विचारू नको' सांगून झालं होतं, ते आता विचारायलाच येणार नव्हते. म्हणून पानाचा पत्ताही बदलला आणि लोकांसाठी मेसेज लिहिला: 'जुन्या पानावरचं वेळापत्रक चुकीचं आहे. ते बघू नका. नवीन पत्ता असा.'

मेसेज मात्र सरांच्या मंजुरीशिवाय जात नसे. त्यांनी पहिली दोन वाक्यं खोडली. "चुकीचं कशाला लिहायचं? कंपनीची अब्रू जाते. 'नागरिकांच्या सोयीसाठी नवीन पान' असं टाक."

"सर, मग जुनं कोण सोडेल? ते तर झटकन उघडतंय!"

"तू सर्व्हर बघ."

मेसेज सर म्हणाले तसाच गेला. सुनंदाबाईंच्या फोनमध्ये नवा पत्ता मी स्वतः घालून दिला, म्हणून त्यांना पुढची पाळी मिळाली. बाकीच्यांच्या फोनमध्ये कोण घालणार? त्या पाळीनंतर काउंटरवर बायकांची रांग लागली. कुणी कामावर खाडा केलेला, कुणी गावाहून धावत परतलेली. प्रत्येकीच्या हातात तेच जुनं पान, आणि उत्तरं द्यायला मी एकटी. सर मीटिंगला गेले होते.

सर्व्हर दुरुस्त करायला एक ओळ पुरली होती. 'आमचं चुकलं' लिहायलाही एकच ओळ लागली असती.