पदक घ्यायला ती आली नाही

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, जिवाभावाच्या मैत्रिणीला नाही, देवापुढे बसूनसुद्धा नाही — तिथेही मी बाकीच्या चुका कबूल करायचे आणि ही एक गाळायचे. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि मराठीत सांगते, कारण आमच्या बंगळूरमध्ये शेजारीपाजारी कुणाला हे वाचता येणार नाही. बघा — कबुली द्यायला बसले, तरी आधी दार लोटून घेतलंच.

माझ्या धाकट्या भावाचं, दत्ताचं पदक माझ्या काचेच्या कपाटात आहे. तो सीमेवर गेला, त्याला वीसेक वर्षं होऊन गेली. ‘गेला’च म्हणते मी. बाकीचे शब्द भाषण करणाऱ्यांना शोभतात. घरी कुणी आलं की मी कपाट उघडते, पदक हातात देते. लोक विचारतात, हे कुणी स्वीकारलं? मी सांगते, आईनं. मग पुढचा प्रश्न हमखास येतो — का, बायको नव्हती?  मी नुसता एक सुस्कारा सोडते. तेवढा पुरतो. ऐकणारा स्वतःच मान हलवतो आणि म्हणतो, असतात एकेकाचे स्वभाव.

बायको होती. सुवर्णा. निपाणीकडची. आम्ही इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, घरात निम्मं मराठी आणि निम्मं कन्नड. तिचं रांगडं मराठी ऐकून आईला हसू यायचं, आणि त्या हसण्यातूनच आईचा तिच्यावर जीव जडला. दत्ता गेला तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. लग्नाला अकरा महिने. त्यातले तो घरी असलेले दिवस सांगावेत इतकेही नव्हते. आणि मी? मी त्याला कडेवर घेऊन वाढवलेलं. मला वाटायचं, रडण्याचा पहिला मान हिचा कसा काय? — नको, आडवळणानं नको. मत्सर होता. साधा, बाजारी मत्सर.

तो गेल्यावर कागदपत्रं सुरू झाली. आम्ही तेव्हा बंगळूरच्याच येलहंका भागात राहायचो. फौजेच्या कचेरीतून फोन यायचे ते हिंदीतून, आणि पहिला प्रश्न ठरलेला — पत्नी बोलताहेत का? दुसऱ्या कुणाशी बोलायलाच ते तयार नसत. सुवर्णाला हिंदी येत नव्हतं. रिसीव्हर हातात दिला की ती तो लगेच माझ्याकडे सरकवायची. ‘मला न्हाई जमत, अक्का. तुमीच बोला की, मी हाय म्हणून.’ मग मी बोलू लागले. ‘जी, मैं उनकी पत्नी बोल रही हूँ.’ ती शेजारी उभी असायची; मी रिसीव्हरवर हात ठेवून विचारायचे, ती सांगायची, मी तेच हिंदीत सांगायचे. पहिल्यांदा आम्हा दोघींना हसू फुटलं होतं — त्या दिवसांतसुद्धा. पुढे सवय झाली. तिच्याच सांगण्यावरून एकदोन अर्जांवर तिची सहीही मीच ठोकली. काम उरकायचं होतं. त्यात पाप काय होतं? तोवर काहीच नव्हतं.

वर्षभरानं तिचे वडील आजारी पडले आणि ती महिनाभरासाठी माहेरी गेली. त्याच महिन्यात दोन गोष्टी घडल्या. निपाणीहून आलेल्या एका नातेवाईकानं चहा पिता पिता सांगितलं की सुवर्णाच्या माहेरी स्थळं बघताहेत. आणि तिच्या नावाचं पत्र आलं — दत्ताला मरणोत्तर पदक जाहीर झालंय, समारंभ बंगळूरमध्येच आहे, पत्नीनं येऊन ते स्वीकारावं.

ते पत्र मी आईला दाखवलं नाही. पर्समध्ये ठेवून चार दिवस शाळेत शिकवायला गेले. पाचव्या दिवशी फोन आला. पत्नी बोलताहेत का?

मी म्हटलं, जी, बोल रही हूँ.

शेजारी कुणी उभं नव्हतं. समोरचा अधिकारी तरुण असावा, फार अदबीनं बोलत होता. कधी यायचं, बरोबर कोण, गाडी पाठवू का. मी म्हटलं, मला यायचं नाही. माझ्या सासूबाई घेतील.  तो म्हणाला, बहनजी, एकदा विचार करा, हा मान तुमचा आहे. ‘बहनजी’ म्हणाला तो मला! मी म्हटलं, विचार केलाय. लेखी लागेल, म्हणाला. मी लेखी दिलं. खाली सुवर्णाची सही केली. आणि शाळेत जाता जाता लिफाफा टपालात टाकला.

आईला सांगितलं, सुवर्णा यायला तयार नाही. आई म्हणाली, ‘का गं? काय म्हणाली?’ मी म्हटलं, तिला म्हणे आता ते सगळं मागे टाकायचंय.  नंतर समारंभाला आई माझा हात धरून गेली, एकटीच पायऱ्या चढली, पदक घेतलं. मी दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी कन्नड पेपरात फोटो आला.

तो फोटो निपाणीपर्यंत पोचला. आठवड्यानं सुवर्णा दारात उभी. आई सोफ्यावरून उठली नाही. एवढंच म्हणाली, ‘आता कशाला आलीस?’ आणि सुवर्णानं मान खाली घातली. दोघींपैकी एकीनं जरी एक प्रश्न विचारला असता, तर तिथेच माझं पितळ उघडं पडलं असतं.  कुणी विचारला नाही. एकीला वाटलं, हिनं माझ्या लेकाला टाकलं. दुसरीला वाटलं, यांना विधवा सून मंचावर नको होती. आणि मी? मी कॉफी केली.

सुवर्णा माझ्यामागून स्वयंपाकघरात आली. ‘अक्का, मला पत्र आलं न्हवतं?’

तिथे सांगता आलं असतं. मी काय म्हटलं सांगू? ‘आईच्या मनात नव्हतं गं. मी खूप समजावलं.’ म्हणजे पहिलं खोटं झाकायला मी माझ्याच आईला पुढे केलं. सुवर्णा कॉफी न घेता गेली.

तिनं दुसरं लग्न केलं नाही. स्थळं बघत होते ती तिच्या धाकट्या बहिणीसाठी. हे मला दोन महिन्यांत कळलं होतं. पुढे ती बंगळूरलाच आली, मुलींच्या एका वसतिगृहावर देखरेखीला. ती जयनगरला राहते, मी आता मल्लेश्वरमला. एकाच मेट्रोवर, मध्ये गाडीसुद्धा बदलावी लागत नाही. आमच्या मराठी मंडळींत मात्र तिची ओळख एवढीच — नवऱ्याचं पदक घ्यायलाही आली नाही, ती. मी ते खोडलं नाही. कधीच नाही.

आई तीन वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या दिवसांत म्हणाली, ‘तिचं तरी काय चुकलं गं, कोवळी पोर होती. मी माफ केलं तिला.’ जे तिनं केलंच नव्हतं, त्याची माफी! मी आईच्या तोंडात चमच्यानं पाणी घातलं आणि म्हटलं, बोलू नकोस, त्रास होईल. कुणाला त्रास होईल?

तेराव्याला सुवर्णा आली. कोपऱ्यात बसली. निघताना माझे दोन्ही हात धरून म्हणाली, ‘त्या घरात तुमीच एकट्या माझ्या होतासा, अक्का.’

मी हात सोडवून घेतले नाहीत.

एवढ्यावर संपलं असतं, तर कदाचित हे लिहिलंही नसतं. दोन महिन्यांपूर्वी पुन्हा फोन आला. शहरातल्या एका संस्थेनं सैनिकांच्या कुटुंबांना स्मृतिपदकं द्यायचं ठरवलं होतं, घरटी एक. संस्थेच्या बाईंनी विचारलं, त्यांच्या पत्नी आहेत का? त्यांचा नंबर मिळेल? नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. माझं वय आता साठीपुढे आहे. मी म्हटलं, ‘ती अशा ठिकाणी येत नाही. मागेही आली नव्हती.’

आणि मी गेले. रेशमी साडी नेसून गेले. त्यांनी मला वीरभगिनी म्हटलं, माणसं उठून उभी राहिली, आणि — हेही सांगून टाकते — मला बरं वाटलं.

फोटो कुणीतरी इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. संध्याकाळी सुवर्णाचा मेसेज आला: ‘फोटो बगितला अक्का. तुमी गेलासा, लई बरं झालं. आपल्या घरचं कोण तरी पायजेच होतं.’

मी तिला जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.