मोठमायला गाडी लागायची

मोठमायला गाडी लागायची. लागायची म्हणजे किती, तर एस.टी. फाट्यावर येऊन नुसती थांबली आणि डिझेलचा वास आला की ती पदर नाकाला लावून मागे सरकायची. लिंबू हुंगून झालं, आवळासुपारी झाली, पोटावर वर्तमानपत्राचा कागद बांधून झाला, मेडिकलमधल्या गोळ्या झाल्या. कशाचा म्हणून उपयोग झाला नाही. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात प्रवासात कोणी ओकलं की लोक म्हणायचे, "हिची तं पार मोठमाय झाली!" तीही हे ऐकून हसायची.

मोठमाय म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. काका लवकर वारले, मूलबाळ नव्हतं. ती लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा बाबा शाळकरी होते. त्यांचे डबे तिने केले, त्यांच्या चड्ड्यांना ठिगळं तिने लावली, पुढे त्यांच्यासाठी मुलगीही तिनेच पसंत केली. मग मी झाले आणि मला वाढवायचं कामही आपसूक तिच्याकडे गेलं. आई वावरात, मी मोठमायच्या कडेवर.

लग्न असो, जत्रा असो, सगळे तयार होऊन निघाले की ती ओट्यावर येऊन म्हणायची, "जा तुम्ही. मी घर राखते." घरात राखण्यासारखं फारसं काही नव्हतं. पण ती ते इतकं सहज म्हणायची, की तिला यावंसं वाटत असेल असं आमच्या मनातही यायचं नाही. नात्यातली सगळी लग्नं तिने माझ्या मोबाइलवर पाहिली. फोटो जवळ धरून विचारायची, "ह्या नवरदेवाची मान काहून वाकडी हाय? अन् हे पोट्टी जेवली नाही वाटते, तोंड पाह्य कसं सुकलं."

एकदाच ती हट्टाने गाडीत बसली. तिचं माहेर घाटंजीजवळच्या एका गावात. तिचा एकुलता एक भाऊ गेल्याचा फोन आला आणि बाबांनी लगेच जीप आणली. यवतमाळ येईपर्यंत ओकून ओकून तिची शुद्ध हरपली. तिला दवाखान्यात न्यावं लागलं, सलाइन लावावं लागलं. आम्ही पोहोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. दारातच मामी, म्हणजे तिची भावजय, चारचौघांत बोलली, "सख्खा भाऊ गेला, अन् बाईले गाडी लागली!"

त्या दिवसापासून मामी मोठमायशी बोलेनाशी झाली. फोन लावला तरी उचलायची नाही. भाऊबीजेला मोठमाय अंगणात जाऊन चंद्राला ओवाळायची आणि ताट घेऊन मुकाट्याने आत यायची.

मला दारव्ह्याच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियनची नोकरी लागली, आणि घरात गाडीचा विषय निघाला. माझं मन स्कूटीकडे झुकत होतं. रोजचं जाणं-येणं तेवढंच, आणि आमच्या गल्लीत कार वळवायची म्हणजे शेजाऱ्यांची बैलगाडी हलवावी लागणार. बाबा मात्र ऐकेनात. "स्कूटी का, कोणीबी घेते. उद्या तुले पाह्यले पाहुणे येतील, तं दारात कार दिसली पाह्यजे." खरं सांगायचं तर कार मलाही हवीशी वाटत होती. ऊन नाही, धूळ नाही, आणि मैत्रिणींमध्ये जरा ऐट.

ओळखीतल्या एकाने त्याची जुनी लाल कार दाखवायला घरी आणली. सगळे कौतुकाने बसले. मोठमायला आग्रहाने पुढे बसवलं, काचा खाली केल्या. शाळा ओलांडायच्या आत ती ओरडली, "थांबव बाप्पा!" उतरून ती रस्त्याच्या कडेला बसली. जरा वेळाने तोंड पुसून म्हणाली, "गाडी चांगली हाय. घेऊन टाका. तुम्ही सारे फिरा, मी घर राखते." आणि घराकडे पायी चालायला लागली.

मी काचेतून तिच्याकडे पाहत राहिले. ही कार घेतली तर आम्ही जास्त वेळा बाहेर जाऊ, आणि तितक्या वेळा ही ओट्यावर एकटी उभी राहील, एवढं मला त्या क्षणी कळलं. बैलगाडीत मात्र तिला कधी काही व्हायचं नाही, हेही आठवलं. अंगाला वारा लागतो म्हणून, असं ती सांगायची.

रविवारी मी दवाखान्यातल्या मैत्रिणीची स्कूटी मागून आणली.

"मोठमाय, बस मागं."

"अन् पडली मंग?"

"पडलो तर दोघी पडू."

ती देवाचं नाव घेत एका बाजूला पाय सोडून बसली आणि माझा खांदा असा आवळला की नखं रुतली. फाट्यापर्यंत मागून आवाज नाही. मी घाबरून विचारलं, "मळमळते का?"

"चूप राह्य. मले पाहू दे!"

मग तिचं तोंड सुरू झालं ते थांबेचना. हे वावर कोणाचं, ह्याची तूर कशी भरली, त्याच्या कापसाच्या पऱ्हाटीला बोंडं किती, आपल्याकडे पोरगी दिली होती ते गाव हेच का. दारव्ह्याच्या बाजारात तिने स्वतः दुकानात बसून बांगड्या भरल्या. इतकी वर्षं दुसऱ्यांनी आणलेल्या घालत होती. भजी खाल्ली. मी परत फिरायला निघाले तर म्हणाली, "ह्या रस्त्यानं पुढं काय लागते व?"

मी घरी स्कूटीचं सांगितलं तेव्हा बाबांचा पारा चढला. मोठमाय भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "भाऊजी, पगार पोरीचा हाय. काय घ्यायचं ते तिले ठरवू द्या." बाबांनी वहिनीला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. ते उठून बाहेर गेले, आणि बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत राहिले. स्कूटी आली तेव्हा तिच्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

कापसाची वेचणी संपल्यावर मोठमाय एका सकाळी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "घाटंजी लय दूर पडन का व तुले?"

आम्ही उजाडताच निघालो. यवतमाळला थांबून पोहे खाल्ले. घाट आला, जंगल आलं. मामीच्या दारात पोहोचलो तेव्हा मामी अंगणात तूर पाखडत होती. मोठमाय उतरली, पण हेल्मेट काढायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही. पदरावरून हेल्मेट, हातात साडीचोळीची पिशवी, अशीच उभी राहिली.

मामीने तिच्याकडे पाहिलं, आणि मान खाली घालून पुन्हा सूप हलवायला लागली. "आता आल्या का?"

"तवा बी निंघाली होती वहिनी," मोठमाय म्हणाली. "पोचली नाही. त्याचं तोंड पाह्यचं राह्यलं माह्यं."

सूप थांबलं. मामी उठून तिच्यासमोर आली. मग मामी म्हणाली, "आधी हे टोपलं काढा डोक्यावरचं. रडू का हासू तेच समजून नाही राह्यलं." आणि तिच्या गळ्यात पडून रडायलाच लागली.

संध्याकाळी निघायची वेळ झाली तेव्हा मोठमाय दाराशी घुटमळली. "तू जाय. मी राह्यते इथं. वहिनी एकली हाय. तिकडं तुम्ही सारे हाय ना." मला वाटलं, चार दिवसांचा पाहुणचार असेल. पण ती कायमचीच राहिली. सणाला मी तिला स्कूटीवरून आणायची आणि सण झाला की तिला मामीची काळजी लागायची.

पहिल्याच पोळ्याला मामीला सोडून तिला येता आलं नाही, तेव्हा बाबा सकाळीच चप्पल घालून अंगणात आले. स्कूटीच्या सीटवरची धूळ रुमालाने झटकत म्हणाले, "चाल, वहिनीले भेटून येऊ." ते माझ्या मागे पहिल्यांदाच बसले. तिथे पोहोचल्यावर मोठमायने त्यांना पाटावर बसवून पुरणपोळी वाढली आणि "वाळले भाऊजी तुम्ही" म्हणत तूप ओतत राहिली.

मोठमाय मागच्या उन्हाळ्यात गेली. दुपारी मामीच्या घरी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही. तेरावं झाल्यावर आम्ही निघालो तेव्हा मामी रिकाम्या बाजेकडे पाहत म्हणाली, "इतके वर्षं मीच बोलली नाही तिच्याशी. आता रोज काहीबाही सांगावं वाटते."

बाबा मला म्हणाले, "मी एस.टी.नं येतो." आणि मामीकडे वळून, "ताई, दोन लुगडे घ्या पिशवीत. पोरीच्या मागं बसा. काही दिवस आमच्या घरी चाला."

मामी नको नको म्हणत आत गेली. मी स्कूटी सावलीतून बाहेर काढली. आतून ट्रंक उघडल्याचा आवाज आला.