जड म्हणजे फक्त जड

आत्याला मी शेवटचं भेटले ती बीडच्या दवाखान्यात. जन्मभर तिनं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं आणि त्या दुपारी, सुयांनी निळ्या पडलेल्या हातांनी, ती माझ्या पप्पांना शिकवत होती. तिला जाऊन आता दीडेक महिना झाला...

पप्पांचं शिरूर कासारला तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. आत्या बीडला राहायला गेली तेव्हा त्यांनीच तिला पाण्यासाठी तांब्याची कळशी दिली होती. ती कायम त्यातलंच पाणी प्यायची. तिच्या किडन्या मधुमेहानं गेल्या, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. पण भेटायला आलेले एक काका व्हरांड्यात पप्पांना म्हणाले, "तांब्याचंच पाणी पीत होती ना अक्का? हेवी मेटल हाय ते. मोबाईलवर बघ, लई येतं त्याच्याबद्दल. किडनीलाच धरतंय." दुसऱ्या दिवशी दुकानातलं तांब्याच्या भांड्यांचं कपाट रिकामं होतं, माल पोत्यांत भरून माळ्यावर. दवाखान्यात ते आत्याच्या खोलीच्या दारातच उभे राहू लागले. मी सहसा कुणाचं कुणाला सांगत नाही. हे मात्र आत्याला सांगितलं.

तिनं त्यांना आत बोलावलं. "माझ्या भावानं मला विष पाजलं म्हणं."

"अक्का, असं नको बोलू."

"मग तोंड कशाला लपवायलास? बस इथं."

मग थांबत थांबत तिनं सांगितलं. फार पूर्वी युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी धातूंची वजनावरून वाटणी केली. सोडियम, पोटॅशियम पाण्यावर तरंगतात, ते हलके. लोखंड, तांबं, शिसं, सोनं हे जड. शिसं, पारा यांनी माणसं आजारी पडतात हे जसजसं ध्यानात येत गेलं, तसा त्या अख्ख्या नावावरच विषाचा शिक्का बसला. नेमकं किती वजनापुढं जड म्हणायचं, यावर अजूनही शास्त्रज्ञांचं एकमत नाही. "तांबं थोडं तर अंगाला लागतंच. लई झालं की बाधतं. आंबटात तांबं उतरतं, कळशीत ताक ठिवून पेले असते तर गोष्ट वेगळी. मी पाणी पेले, बापू. जड म्हणजे फक्त जड."

"खरं सांगायलीस, का मला बरं वाटावं म्हणून?"

"एवढ्या पोरांना नापास केलं मी. तुला फुकट पास करीन का?"

पप्पा हसले नाहीत. त्यांना पटलं की नाही, ते मला कळलं नाही. त्याच आठवड्यात ती गेली.

आमच्याकडे तेराव्याला गेलेल्या माणसाचं नाव घातलेलं भांडं नातेवाइकांना देतात. गावातल्या कितीतरी जणांची नावं पप्पांनीच मशीननं कोरलीत. तेच काका म्हणाले, "स्टीलचे डबे देऊ. आजकाल तेच चालतंय." तेराव्याच्या आदल्या दिवशी मी चहा घेऊन दुकानात गेले, तर माळ्यावरची पोती खाली आली होती. पप्पा जमिनीवर बसून तांब्याच्या फुलपात्रांवर आत्याचं नाव घालत होते. एकावरचं शेवटचं अक्षर वाकडं गेलं. ते त्यांनी बाजूला ठेवलं, म्हणाले, "हे घरी राहू दे."

चहा तसाच निवत होता... पप्पा उठले, ते फुलपात्र विसळलं, माठातल्या पाण्यानं भरलं. अर्धं स्वतः प्यायले आणि उरलेलं माझ्यापुढं धरलं.