टमाट्यांची काळी बुडं

मी परसात टमाटे लावते ते कापून खायला नव्हे, आटवायला. लांबट, जाड सालीचे, आत पाणी कमी आणि गर भरपूर. पातेल्यात घालून दुपारभर मंद आचेवर ठेवले की चमचा उभा राहील असा लाल गर होतो. बाटल्या भरल्या की सुनेची उन्हाळाभराची आमटी-भाजी निभते. धाराशिवात या कामात माझा हात कुणी धरू शकत नाही, असं मीच सांगत असते. ऐकणारे वाद घालत नाहीत, कारण त्यांना बाटली हवी असते.

यंदा मात्र पहिल्याच घोसाची बुडं काळी पडली. वरून फळ लालबुंद, खाली चपलेच्या तळव्यासारखा काळा, खोलगट डाग.

तेव्हा माझी थोरली जाऊ माकणीहून आमच्याकडं येऊन राहिली होती. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी काही दिवस इथंच राहा म्हणून सांगितलेलं. काळा चष्मा लावून त्या मागच्या दारातल्या बाजेवर बसायच्या. त्या चष्म्यातून त्यांना जग काळंच दिसत असणार, पण टमाट्याचं बूड त्यांनी बरोबर हेरलं. वाफ्याला पाणी घालायचं काम माझ्या नातीचं. ती आठवीत आहे. तिला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, अडचणीत असताना झाडाला हात लावलास का?

लावला होता. पोरीचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवसापासून ती उंबऱ्यातूनच वाफ्याकडं बघायला लागली. मी हाक मारली तरी, "आज्जी, तूच घाल," म्हणून आत पळायची.

टमाट्यांचं मला एवढं काही नव्हतं, पुन्हा लावता येतात. पण पोरगी एकदा अंग चोरायला शिकली की ते जन्मभर सुटत नाही. ती विद्या मी स्वतः शिकलेली आहे, आणि चांगल्या मार्कांनी.

नवी नवरी होते तेव्हा सासूबाईंच्या परसातल्या टमाट्यांना पाणी घालायचं काम माझ्याकडं होतं. बाहेर बसायचे चार दिवस आले की झाडांकडं फिरकायचंसुद्धा नाही. घरातले बाकी सगळे शेतात, मग पाणी कोण घालणार? पाचव्या दिवशी न्हाऊन उठले की मला झाडांची अशी दया यायची की घागरीवर घागरी ओतायचे. पुढं बुडं काळी पडायची. सासूबाई म्हणायच्या, तुझी सावली पडली. आणि त्या बावळट पोरीनं काय करावं? एरवीच्या दिवसांतसुद्धा ऊन डोक्यावर येईपर्यंत थांबायची आणि सावली पायाखाली गोळा झाली की मगच वाफ्यात शिरायची. भर दुपारी, डोक्यावर पदर, सावली सांडू नये म्हणून इवली इवली पावलं टाकत. शेजारणींना वाटायचं, सून किती नाजूक चालीची आहे.

आता इतक्या वर्षांनी हातात तसलंच काळं बूड घेऊन बसले आणि टाळक्यात उजेड पडला. महिन्याभरापूर्वी आम्ही सगळे येडशीला लग्नाला गेलो होतो. वाफा तेवढे दिवस कोरडा ठणठणीत. परत आल्यावर मीच कळवळून पाइप सोडला, तो संध्याकाळपर्यंत बंद करायला विसरले. आधी उपास, मग पूर. माझ्या नवरीपणातलंच गणित, फक्त घागरीच्या जागी पाइप.

जाऊबाईंना म्हटलं, "आक्का, पाइप माझ्या हातात होता. आणि मला तर अडचण सुटून कैक वर्षं झाली. मग सावली कुणाची पडली?"

"तुझी जीभ पैल्यापासनंच लांब हाय," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून आडव्या झाल्या.

काळी फळं मी टाकली नाहीत. बुडं छाटून उरलेल्याची आमटी केली. जाऊबाईंनी ती दोनदा मागून घेतली.

नातीला घेऊन वाफ्यात बसले. झाडांच्या बुडाशी सोयाबीनचं भुसकट पसरायला लावलं, म्हणजे ओल टिकते. तिला सांगितलं, रोज सकाळी एवढंच पाणी, कमी नाही, जास्त नाही.

ती हळूच म्हणाली, "त्या दिवसांतपण?"

"त्या दिवसांत झाडाला तहान लागत नाही का?"

ते दिवस आले. पोरगी बादली घेऊन मागच्या दारात अडखळली. बाजेवर जाऊबाई, चष्मा लावून, जाग्या. मी मुद्दामच आतून भांडी वाजवत राहिले, तिच्या मदतीला गेले नाही. थोड्या वेळानं वाफ्यात पाणी पडल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी बादली अडखळली नाही.

पुढचे घोस पिकले तेव्हा जाऊबाईंचा चष्मा सुटला होता. नातीनं टोपलीभर टमाटे आणून त्यांच्यापुढं ठेवले. एकेक फळ उलटं करून त्यांनी बुडावर अंगठा फिरवला. सगळी लाल, गुळगुळीत.

"त्या दिसातबी तूच घातलंस पाणी?"

"व्हय मोठ्या आज्जी. रोज."

जाऊबाईंनी त्यातला एक टमाटा पदराला पुसला, चावा घेतला आणि तिला म्हणाल्या, "मीठ आण."