बंबाच्या नळीचा आवाज

समोरचा माणूस पहिल्याच शब्दाला ‘बरं’ म्हणाला की उठून चालू पडावं, हे मी धंद्यात फार लवकर शिकलो होतो. ज्याला आपल्या वस्तूची किंमत आहे तो हुज्जत घालतोच. मोशीच्या त्या म्हाताऱ्याने घातली नाही, आणि मी उठलो नाही. याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. चिंचवड स्टेशनाजवळ पत्र्याच्या शेडमध्ये माझा भंगाराचा धंदा होता. लष्कराच्या लिलावात मोडक्या गाड्यांचे ढीग निघत, ते मी घेई आणि सुटे भाग विकी. त्यातूनच मी स्वतःसाठी एक फटफटी बांधली. सांगाडा एकीचा, चाकं दुसरीची, पुढचा काटा तिसरीचा. तो हातभर लांब होता, त्यामुळे गाडी पुढून उंच आणि मागून बसकी दिसे. टाकी मी स्वतः ठोकून केली. मडगार्ड कापून टाकले होते. लोक हसत. पण या फटफटीला मागे दोनचाकी गाडा जोडून मी चाकणच्या बाजारापर्यंत माल नेई. अडचण एकच, एका नळकांड्याचं, म्हणजे एका सिलिंडरचं, तिचं इंजिन चढावर धापा टाकी.

माझ्याकडे एक मिस्त्री होता. मुसलमान, वयाने माझ्याहून मोठा, कमी बोलणारा. तो म्हणाला की मोशीत एकाच्या गोठ्यात दोन नळकांड्यांचं लष्करी इंजिन पडलं आहे, मालकाला ते घरात नको आहे. का नको, हे मी विचारलं नाही. नको असलेली वस्तू स्वस्त मिळते, एवढंच मला कळलं.

आम्ही भर दुपारी गेलो. गोठ्यात गोणपाटाखाली इंजिन होतं. तेल लावून, पुसून ठेवलेलं. मी म्हाताऱ्याला म्हणालो, माझं इंजिन घ्या, कडबा कापायच्या यंत्राला जोडा, आणि हे मला द्या. हे बोलणं म्हणजे सौद्याची नुसती सुरुवात होती. तो म्हणाला, “न्या.” मला ते खटकलं, पण हाव सुटली होती. शेजारी इंजिनाचा सायलेन्सर पडला होता. लोखंडी नव्हता. अंघोळीच्या तांब्याच्या बंबात मधोमध जी नळी असते, तीच कुणीतरी वाकवून बसवली होती. तांबं म्हणजे तांबं. मी म्हणालो, हीसुद्धा वर द्या. म्हातारा जरा थांबला, घराच्या दाराकडे बघितलं आणि म्हणाला, “न्या तीबी. पर गावातनं जाताना इंजिन बंद करून ढकलत न्यायची. एवडं ऐका.” यात माझं काय जातंय, असं वाटून मी कबूल झालो.

इंजिन बसवायला आठ दिवस गेले. दोन नळकांड्यांना जागा हवी म्हणून सांगाड्याच्या खालच्या नळ्या कापून लांबवल्या, नव्या पट्ट्या लावल्या, गिअरपेटी मागे सरकवली. साखळी सरळ रेषेत येईना, म्हणून तीन वेळा खोललं. मिस्त्री म्हणाला, ती तांब्याची नळी विकून टाक, मी लोखंडाची करून देतो. मी म्हणालो, फुकटात आली आहे, तर लाव. किक मारली तेव्हा आवाज ऐकून शेडमधली कामं थांबली. तो फटफट नव्हताच. मडक्यात तोंड घालून कुणी हळूहळू बोलतंय, असा पोकळ, ओला आवाज होता. मिस्त्री हात पुसत बाहेर जाऊन उभा राहिला.

पहिल्या दोन खेपांना मी मोशीतून गाडी ढकलत नेली. तिसऱ्या खेपेला गाड्यावर पाण्याच्या पंपांचे जड सुटे भाग होते, ऊन होतं, आणि माझं डोकं फिरलं. माझी गाडी, माझं इंजिन, मी बैल आहे का? मी चालूच ठेवली.

वेशीपासून एक तांबडं कुत्रं न भुंकता माझ्याबरोबर पळू लागलं. चावडीवर बसलेल्या एकाने मान वर न करताच हात उचलला, रोजच्या माणसाला उचलतात तसा. पुढे एका पोराने गोठ्याचं फाटक उघडलं आणि ते धरून उभा राहिला. मग त्याने माझं तोंड पाहिलं, आणि तो आत पळाला. म्हाताऱ्याच्या दारात एक बाई उभी होती. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. माझा पाय कसा कोण जाणे ब्रेकवर पडला. तिने भाकरतुकडा माझ्यावरून ओवाळून रस्त्यावर टाकला, पायांवर पाणी ओतलं. मग सरळ माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, “लई उशीर केलास. भाकरी गार झाली.”

मी कोण आहे ते तिला सांगितलं. तिने ऐकलं, मान हलवली आणि आत ताट वाढायला गेली. मी गाडी काढली ती थेट चाकणला थांबवली.

दुसऱ्या दिवशी म्हातारा शेडमध्ये आला. मी त्याला बसूही दिलं नाही. हे काय गळ्यात बांधलंत माझ्या, म्हणून ओरडलो. तो उभ्यानेच सांगत राहिला. ते इंजिन ज्या फटफटीचं, तिचा मालक त्याचा मुलगा. फाल्गुनात एका दुपारी तो इंद्रायणीवर गाडी धुवायला गेला. काठावर गाडी सापडली, टाकीवर कपडे घडी घालून ठेवलेले. इंजिन अजून गरम होतं. तो सापडला नाही. भटजींनी दर्भाचा पुतळा करून दहन करायला सांगितलं होतं. दोनदा तयारी झाली, दोनदा मुलाच्या आईने, दारातल्या त्या बाईने, तो दर्भ गाईपुढे टाकला. गाडीचा आवाज आल्याशिवाय मी काही होऊ देणार नाही, म्हणे. म्हणून म्हाताऱ्याने सांगाडा मोडीत काढला, इंजिन मला दिलं. आता कुठे ती ऐकायला लागली होती.

“आन् काल तुमी आवाज आनला,” तो म्हणाला.

मिस्त्रीला हे सगळं आधीच ठाऊक होतं. मी त्याच्याकडे बघितलं तर तो म्हणाला, “शेठ, तुम्ही विचारलंत का?”

म्हाताऱ्याला नळी परत हवी होती. आणि दुसरी नळी लावून मी एकदा त्याच्या दारावरून जायला हवं होतं, तीच गाडी, वेगळा आवाज. तिने स्वतःच्या कानाने ऐकायला हवं. मी म्हणालो, मला काय मिळेल? तो म्हणाला, “मागाल ते.” पुन्हा तेच. असल्या माणसाकडे काय मागायचं? मी एक शिवी हासडली आणि मिस्त्रीला करवत आणायला सांगितली.

त्याच आठवड्यात भर दुपारी मी मोशीत शिरलो. लोखंडी नळीतून गाडी नुसती फाडफाड वाजत होती. कुत्रं पडल्या जागेवरून उठलं नाही. चावडीवरच्याने तोंड वाकडं केलं. बाई दारात आली, हात रिकामे. गाडी ओळखीची होती, पण ती गाडीकडे बघत नव्हती, मान तिरकी करून ऐकत होती. मी इंजिन बंद केलं.

“ह्यो न्हवं,” ती म्हणाली. मग नवऱ्याला म्हणाली, “माझ्या बंबाची नळी कुठं हाय?”

म्हाताऱ्याने धोतराच्या सोग्याखालून ती काढून दिली. तिने आतली काजळी पदराने पुसली आणि नळीचं तोंड कानाला लावलं. बराच वेळ ती तशीच उभी होती. गल्लीत कुणी हललं नाही. मलाही वाटायला लागलं की काहीतरी ऐकू येतंय, आणि मी हँडल घट्ट धरलं.

“निस्तं पानी वाजतंय,” ती म्हणाली. तिने नळी त्याच्या हातात दिली. “भटाला सांगा, उद्या या म्हनावं.”

ती आत गेली. आतून चूल फुंकल्याचा आवाज आला. म्हाताऱ्याने नळी माझ्यापुढे धरली. “न्या. सौद्यात तुमचीच ठरलीय.”

चांगलं जाड तांबं होतं. मी त्याला म्हणालो, तुम्ही आधी सांगितलं असतंत तर मी हे इंजिन घेतलंच नसतं. तो म्हणाला, “व्हय. म्हून सांगितलं न्हाई.”

मी किक मारली. चाकणचा रस्ता सरळ पुढे होता, पण मी गाडी वळवून चिंचवडकडे निघालो. गाव संपेपर्यंत तो नळी पुढे धरून तसाच उभा होता.